आबासाहेबांच्या बरणीतली साखर

१

"आबासाहेब गेले हो!"

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या सुबोध वाचनालयाच्या अंगणात ही आरोळी उठली, तेव्हा वर्तमानपत्रांच्या खोलीतले तीन ज्येष्ठ वाचक उभे राहिले, त्यांनी माना खाली घालून शांतता पाळली, आणि खाली बसल्यावर मग एकमेकांना विचारलं, "कोणते आबासाहेब?"

आबासाहेब हा माणूसच नाही, हे कळल्यावर ते चिडले. शांतता फुकट गेली होती.

शर्वरी त्याच वेळी फाटकातून स्कूटर आत घेत होती. विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करणं हा तिचा धंदा. म्हणजे जळालेलं खरंच जळालं का आणि बुडालेलं खरंच बुडालं का, हे मालकाच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. सकाळपासून ती सावली गावातल्या एका गोदामात राख उपसत होती. गोदामातला सगळा माल जळून गेला होता, भिंतीवरचं प्लास्टिकचं घड्याळ मात्र टिकटिक करत होतं, आणि ही अग्निदेवाची मर्जी आहे असं मालक शपथेवर सांगत होता. दुपारी त्याने तिच्यासाठी थाळी मागवली. लबाडाच्या ताटात जेवायचं नाही, आणि मामेभावाने काढलेल्या नव्या फूड ट्रकचा बर्गर आज खायचाच, असं ठरवून ती उपाशी निघाली होती.

ट्रकच्या पायरीवर मामेभाऊ विहंग डोकं धरून बसला होता.

"ताई, आबासाहेब गेले."

"बर्गर आहे का?"

"ताई!"

"आधी बर्गर, मग दुःख."

"बर्गर कुठून असणार? पाव कशाचा करू?"

शर्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबासाहेब म्हणजे आंबवलेलं पीठ. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून ठेवायचं, ते आपोआप आंबू द्यायचं, रोज त्याला थोडं पीठ, थोडं पाणी द्यायचं आणि त्यातलंच थोडं घालून पाव फुगवायचा. नोकरी सोडली त्या वर्षी विहंगने हे पीठ लावलं होतं आणि तेव्हापासून पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. खायला उशीर झाला की रुसून बसतं म्हणून नाव आबासाहेब. रेल्वेत ते त्याच्या मांडीवर बसून जायचे. सख्ख्या भावाच्या लग्नात पंगतीला शेजारचं पान त्याने त्यांच्यासाठी अडवून ठेवलं होतं, आणि वाढप्याने त्यावर खरोखर वरण-भात वाढला होता.

"सकाळी मी त्यांना जेवायला घातलं," विहंग म्हणाला. "ट्रकचा फ्रिज बिघडलाय, म्हणून वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवलं. भाजी घेऊन आलो तर फ्रिजमध्ये नाहीत. आणि बरणी बघ, कुठे आहे. मी हातसुद्धा लावलेला नाही."

बरणी ट्रकच्या काउंटरवर होती. झाकण शेजारी उलटं ठेवलेलं. काच इतकी लख्ख घासलेली, की शर्वरीला त्यात स्वतःचा भुकेला चेहरा दिसला. "आबासाहेब" ही चिठ्ठी पुढच्या बाजूला चिकटवलेली होती. काउंटरवर कुणीतरी सांडलेल्या मधाचा ओघळ होता आणि मुंग्यांची रांग तिकडे निघाली होती. बरणी वाटेत आली म्हणून रांग तिला वळसा घालून जात होती.

"आत बघ," विहंग म्हणाला. "लोक जखमेवर मीठ चोळतात, ताई. याने काय ठेवलंय बघ."

शर्वरीने वाकून पाहिलं. बरणीच्या तळाशी चमचाभर साखर होती.

२

"एवढं काय? मी पाव आणलेत ना," मुकुंद म्हणाला.

मुकुंद हा विहंगचा भागीदार. ट्रक त्याचा, पाव विहंगचा, अशी वाटणी. त्याच्या दोन्ही हातांत बाजारच्या पावाची पाकिटं होती आणि चेहऱ्यावर बिलकुल सुतक नव्हतं.

"सहा वाजता कमिटी येणार. त्यांना काय, पाव गोल असला म्हणजे झालं. लोक फोटो काढतात यार, चव कोण बघतो?"

"हे पाव माझ्या तव्याला लागले, तर उद्यापासून मी येणार नाही," विहंग म्हणाला. "दुसऱ्याचा पाव विकायला मी नोकरी सोडली नव्हती."

आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच शर्वरीला तो खरा वाटला. प्रश्न एवढाच होता. आबासाहेब नाहीत तर विहंगचा पाव नाही, आणि विहंगचा पाव नाही तर हा ट्रक मुकुंदचा, पाकिटांचा आणि फोटोंचा.

वर वाचनालयाच्या समितीचं लचांड. अंगण ट्रकला द्यायचं की नाही, हे समिती आज बर्गर चाखून ठरवणार होती. समितीत तिघं. कार्यवाह श्रीपतराव ट्रकच्या विरोधात, खजिनदार मंदाकाकू बाजूने, आणि अध्यक्ष जयवंतराव तत्त्व म्हणून नेहमी बहुमताच्या बाजूने. त्यामुळे महिनाभर निर्णय अडला होता. जयवंतरावांना बहुमत सापडत नव्हतं.

"मुकुंद, दुपारी कुठे होतास?" शर्वरीने विचारलं.

"मांडवीच्या बाजारात. पेपर नॅपकिन आणायला. का? माझ्यावर डाउट?"

"आबासाहेब गेल्याने फायदा तुझाच."

"हो, आहे ना! आणि बरं झालं गेले. ते पीठ आहे, ताई. पी-ठ. त्याला हा गुड मॉर्निंग म्हणतो. मी आलो की मला म्हणत नाही!" मुकुंद खराखुरा दुखावला होता. "पण मी घेतलं असतं तर फेकून दिलं असतं. धुतलं कशाला असतं?"

शर्वरीने विहंगकडे पाहिलं.

"हॉस्टेलला चार वर्षं रूममेट होता," विहंग नाइलाजाने म्हणाला. "याने एक पेलाही धुतलेला मी पाहिला नाही. पेला घाण झाला की नवा आणायचा."

"बघ!" मुकुंद अभिमानाने म्हणाला.

एवढा भक्कम बचाव शर्वरीने विम्याच्या धंद्यातही ऐकला नव्हता. तिने पुन्हा बरणीकडे पाहिलं. नुसती धुतलेली नव्हती, कडेच्या आट्यासुद्धा घासल्या होत्या.

"विहंग, तू ट्रकचे फोटो टाकतोस ना? आबासाहेबांचा दाखव."

फोटो एक सोडून शेकडो निघाले. सगळ्या फोटोंत बरणीवरची चिठ्ठी तिरकी होती, उतारावरून घसरल्यासारखी.

समोरच्या बरणीवर ती पट्टी लावून चिकटवल्यासारखी सरळ होती.

३

फाटकाबाहेर जनार्दनची सेवउसळीची लारी, म्हणजे हातगाडी, होती. जनार्दनचे वडील जळगावकडून रिफायनरीत नोकरीला आले आणि बडोद्याचेच झाले. जनार्दन तर इतका इथला झाला होता, की त्याची मराठी मधूनमधून गुजरातीत उतरून पाणी पिऊन यायची.

"या बेन! प्लेट लावू?"

उसळीचा वास आला आणि शर्वरीचा हात प्लेटकडे निघाला. पण संशयिताच्या हातचं खायचं नाही, हा सकाळचाच नियम होता. नियम करणाऱ्याचा तिला संताप आला. ती स्वतःच होती.

"त्या ट्रकवर तुमचा राग आहे म्हणे."

"राग? छे छे. राग कशाला?" जनार्दनने तर्रीचा डाव जोरात आपटला. "माझ्याकडे माणूस उभ्या उभ्या खातो, नाकातून पाणी काढतो, तृप्त होऊन जातो. तिकडे बर्गरच्या डोक्यात काडी खुपसतात, वर झेंडा लावतात. किल्ला जिंकलाय काय? आणि तोंड केवढं उघडायला लागतं! माझ्या सासऱ्याचा जबडा अडकला, बेन. डागदरकडे न्यायला लागला."

"म्हणून तुम्ही पीठ पळवलंत?"

जनार्दनने डाव खाली ठेवला. मग त्याने लारीखालून स्टीलचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ शेव होती.

"हा वाचनालयाचा डबा. संक्रांतीला मंदाबेननी तिळगूळ दिलेला. परत द्यायचाय, म्हणून भरून ठेवलाय. रिकामं भांडं परत देऊ नये, आई सांगायची. माझ्याकडून भांडं परत जाईल तर शेव जाईल. त्या बरणीत काय आहे?"

"साखर."

"मग मी नाही. बराबर?"

बरोबर होतं. शर्वरीला चीड आली ती याची, की ही साधी गोष्ट तिला आधी सुचली नव्हती. चोर भांडं परत करत नाही. भांडं घासून, वर साखर घालून परत करतो तो चोर नसतोच. त्याने चोरी केलेली नसते, त्याने भांडं नेलेलं असतं. रिकामं परत करताना ज्याचा हात अडतो, असा तो माणूस.

"आणि बेन," जनार्दन मागून ओरडला, "दुपारी श्रीपतराव घरी गेलेले. रोज इथेच डबा खातात. आज छत्री घेऊन गेले. ऊन तर नव्हतं!"

४

श्रीपतराव कार्यालयात ताठ बसले होते. त्यांच्या मागे भिंतीवर सूचनाच सूचना होत्या. पानाचा कोपरा दुमडू नये. पुस्तकात बोट ओले करून पान उलटू नये. कार्यालयातील चहात साखर घालू नये. शेवटच्या सूचनेखाली त्यांची सही होती.

"साखर बंद का, काका?"

"मला मधुमेह झाला म्हणून."

"मग तुमच्यापुरती बंद करायची."

"मी कार्यवाह आहे," श्रीपतराव म्हणाले. "वेगळा नियम माझ्यासाठी आणि वेगळा इतरांसाठी, हे या संस्थेत चालत नाही."

त्यांच्यासमोर चहाचा कप आला. शर्वरीलाही आला. तिने एक घोट घेतला आणि तिला सभासदांची दया आली. श्रीपतरावांनी चमचा घेतला आणि आपला बिनसाखरेचा चहा शांतपणे, बराच वेळ ढवळला.

"त्या ट्रकबद्दल माझं मत लेखी आहे," ते ढवळता ढवळता म्हणाले. "लोण्याचा धूर ग्रंथांना लागतो. परवा इतिहासाच्या कपाटातून मला चीजचा वास आला. आणि त्या पदार्थाला आकार काय? कुठून चावायचा, कुठून धरायचा, याचा काही विचार? खाली पाव, वर पाव, मधे सगळं घसरतंय. ही काय बांधणी झाली?"

"आज दुपारी घरी गेला होतात?"

चमचा थांबला. पुन्हा फिरू लागला.

"गेलो होतो."

"छत्री घेऊन?"

"हवामानावर माझा विश्वास नाही."

"फ्रिजमधली बरणी पाहिलीत?"

श्रीपतरावांनी चष्मा काढून पुसला. "शर्वरी, तुझे वडील या वाचनालयाचे सभासद होते. पुस्तक कधीही उशिरा आणलं नाही. त्यांच्या मुलीने मला पिठाबद्दल प्रश्न विचारावेत, याचं मला वाईट वाटतं."

हे उत्तर नव्हतं. पण शर्वरी बाहेर आली तेव्हा विहंग आणि मुकुंद दारातच उभे होते, आणि दोघंही एकदम म्हणाले, "मंदाकाकू!"

५

त्यांचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. मागच्या खोलीची किल्ली मंदाकाकूंकडे. अख्ख्या रावपुऱ्यात कुणाचंही भांडं मंदाकाकूंकडे गेलं, की साखर घालून परत येतं, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. शिवाय फ्रिज स्वच्छ करायची त्यांना भारी हौस.

मंदाकाकू बालविभागात पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. शर्वरीने जमेल तितक्या नरमाईने विचारलं. पोटात अन्न नसताना नरमाई कमीच जमते.

"म्हणजे मी?" मंदाकाकूंनी कात्री खाली ठेवली. "मी चोर?"

"चोर नाही हो, काकू. नकळत. खराब झालंय समजून—"

"नकळत! अगं, नकळत काही करायला मला वेळ कुठे आहे? मी करते ते सगळं कळून करते आणि वर चार जणांना कळवते! त्या पोराची बरणी मी घासली असती, तर गुपचूप काउंटरवर ठेवून पळाले असते होय? हातात दिली असती, आणि फ्रिजमध्ये उघडं पीठ ठेवतात का रे गधड्या, म्हणून दोन गोष्टी ऐकवल्या असत्या! ऐकवल्या का रे, विहंग?"

"नाही, काकू."

"मग!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तेही रागाचं. "या ट्रकसाठी महिनाभर मी त्या श्रीपतरावांशी भांडतेय. म्हटलं, आपल्यातला पोरगा आहे, काहीतरी नवीन करतोय, उभं राहू दे. त्याचं हे फळ? आता सहाच्या मीटिंगला बघते. मीही विरोधात जाते. जयवंतरावांना एकदाचं बहुमत तरी मिळेल!"

आणि त्या कात्री घेऊन निघून गेल्या.

मुकुंदने हळूच पाकिटं उघडायला घेतली.  विहंगने ॲप्रन काढला, घडी घातली आणि ट्रकच्या हँडलवर ठेवला. पाच वाजून गेले होते.

शर्वरी काउंटरपाशी एकटीच उभी राहिली. आपण एका निरपराध बाईला रडवलं, तेही उपाशीपोटी, याचा तिला इतका राग आला की मधाच्या ओघळावरून बोट फिरवून ते चाटावं असं वाटलं. तिने खाली पाहिलं. ओघळ मुंग्यांनी काळा झाला होता.

बरणीत एकही मुंगी नव्हती.

६

ती बघतच राहिली. झाकण दुपारपासून उघडं. आत चमचाभर साखर. बरणीला टेकून मुंग्यांची अख्खी रांग जातेय, आणि एकीलाही आत डोकावावंसं वाटत नाही? सावलीच्या गोदामातल्या घड्याळासारखंच हे. जे व्हायला हवं होतं, ते झालेलं नव्हतं.

तिने बोटाच्या टोकाने दोन कण उचलले आणि जिभेवर ठेवले. गोडी जरा उशिरा आली. आली ती जाईना. मागून एक कडवट सावली आली.

"विहंग, ही साखर नाही."

"मग?"

"साखरेच्या जागी घालतात ती पावडर. मधुमेहवाल्यांची. आपण सगळ्यांनी बघितली, चाखली कुणीच नाही. मुंग्यांनी मात्र तपास केला." ती आता भराभर बोलत होती. "मंदाकाकूंच्या घरी साखरेचा डबा आहे, त्या ही कशाला घालतील? ज्याच्या घरात साखरच नाही, पण रिकामं भांडं परत करायला ज्याचा हात धजत नाही, तो काय करेल? घरात जे गोड असेल ते घालेल."

"पण श्रीपतकाका तर बिनसाखरेचा चहा पितात," मुकुंद म्हणाला.

"पितात. आणि बराच वेळ ढवळतात. बिनसाखरेचा चहा ढवळायचं कारण काय? शिवाय ही चिठ्ठी बघ. धुताना सुटली असेल. दुसरा कुणी असता तर फेकून देता, नाहीतर चिकटवता तशीच तिरकी. ज्याचा जन्म पुस्तकांना लेबलं लावण्यात गेला, त्याच्या हाताला ती तिरकी लावताच आली नाही."

विहंगचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे त्यांनी ट्रक घालवायला आबासाहेबांना मारलं?"

"मारलं असतं तर बरणी गटारात असती. ऊन नसताना छत्री घेऊन कोण जातं? ज्याला छत्रीआड काहीतरी न्यायचंय तो." शर्वरी चालू लागली. "त्यांनी काय केलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकू."

७

समिती जमली होती. जयवंतराव मधल्या खुर्चीत बहुमताची वाट बघत होते. मंदाकाकूंनी तोंड फिरवलं. श्रीपतराव उभे राहिले, शर्वरीच्या हातातल्या बरणीकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा ताठा एकाएकी नुसता इस्त्रीचा उरला.

"त्यात काय घातलंत, ते मी चाखलंय, काका," ती हळूच म्हणाली.

श्रीपतराव पुन्हा खुर्चीत बसले.

"आंबोळ्या," श्रीपतराव म्हणाले.

"काय?"

"आंबोळ्या केल्या. मागच्या खोलीची दुसरी किल्ली कार्यवाहाकडे असते; फ्रिजची तपासणी करत होतो. बरणी उतू चालली होती. वर नाव आबासाहेब. आबासाहेब नावाचा सभासद आपल्याकडे नाही, मी खात्री करून घेतली. म्हणजे बेवारस. झाकण उघडलं तर—" ते थांबले. "आमच्याकडे ही गेल्यापासून आंबोळी झालीच नाही. पीठ आंबतच नाही माझ्याकडून. आणि इथे असं छान आंबलेलं पीठ, उद्या कुणीतरी फेकून दिलं असतं. म्हणून नेलं. थोडं तांदळाचं पीठ घातलं, मीठ घातलं. बरणी घासताना बुडाशी ट्रकचं चित्र दिसलं, तेव्हा कळलं कुणाची. लगेच परत आणून ठेवली. सांगणारही होतो. तेवढ्यात हा ओरडायला लागला, आबासाहेब गेले. कुणी मारलं म्हणून रडायला लागला. आणि मी तर..." त्यांनी छत्री सरळ केली. "मी तर जेवून आलो होतो."

"सगळं संपवलंत?" विहंगने कसंबसं विचारलं.

श्रीपतराव ताडकन उखडले.

"सगळं? मी काय रानटी आहे? आंबवलेलं कुणी सगळं संपवतं का? वाटीभर मागे ठेवलंय मुरवणाला! घरच्या फ्रिजमध्ये आहे, फडकं झाकून!"

विहंगने शर्वरीच्या हातातली बरणी घेऊन छातीशी धरली.

"आणि तू," श्रीपतरावांचा राग आता मोकाट सुटला, "तू इतकी वर्षं हे एकाच बरणीत ठेवलंस? एकाच? कुणाला वाटीभर दिलं नाहीस? अरे, विरजण कधी एका घरात ठेवतात का! चार घरी द्यायचं असतं. आपलं नासलं की शेजारून परत आणायचं असतं. एकच प्रत, आणि तीही बाहेर द्यायची नाही! हा गुन्हा नाही? मी खाल्लं नसतं तर उद्या वीज गेली असती. मग कुणापुढे रडला असतास?"

  शर्वरीला याचंच नवल वाटत होतं, की माणूस चोरी कबूल करता करता फिर्यादी कसा झाला.

"तरीसुद्धा," श्रीपतरावांनी स्वतःला सावरलं, "न विचारता वस्तू बाहेर नेली, हे खरं. असं करणाऱ्या सभासदाला या संस्थेत महिनाभर मनाई होते. ती मला आत्तापासून लागू आहे. त्यामुळे आज मला मत नाही." आणि ते खुर्ची सोडून, दाराबाहेर, पायरीवर जाऊन बसले. आत येण्याचा त्यांना आता अधिकार नव्हता.

सगळे मंदाकाकूंकडे बघू लागले. शर्वरी पुढे झाली. "काकू, चुकलं माझं. तुमच्यावर आळ घेतला. माफ करा."

"माफ वगैरे मी करत नाही. मी लक्षात ठेवते," मंदाकाकू म्हणाल्या. मग जयवंतरावांकडे वळून त्या कडाडल्या, "ट्रक राहील! माझं मत आत्ताच लिहा. तो बर्गर खाल्ल्यावर कदाचित बदलेल, म्हणून आधीच देते!"

जयवंतरावांच्या चेहऱ्यावर महिनाभराने समाधान पसरलं. "मीही त्याच मताचा," ते म्हणाले.

८

श्रीपतराव रावपुऱ्याच्या रस्त्यावरून वाटी घेऊन आले तेव्हा त्यांनी वाटीवर तळहात धरला होता आणि वर छत्री. रिक्षावाल्यांना ते हाताने थांबवत होते. विहंगने वाटीत पीठ घातलं, पाणी घातलं आणि वाकून काहीतरी पुटपुटला. मुकुंदने तिकडे बघणं टाळलं. पण पाकिटं त्याने जनार्दनच्या लारीवर नेऊन दिली. उसळीबरोबर खपतील म्हणाला.

अर्थात आज बर्गर होणार नव्हता. आबासाहेबांना अंग धरायला रात्र लागणार, कणीक फुगायला उद्याची सकाळ.

मग विहंगने वाट्या मागितल्या. मंदाकाकूंनी मागच्या खोलीतून काढून दिल्या. प्रत्येकीत त्याने चमचाभर आबासाहेब घातले. एक वाटी मंदाकाकूंना, एक श्रीपतरावांना. एक जनार्दनला, तो म्हणाला, "बर्गर नाही करणार हां मी, आधीच सांगतो." एक वाटी शर्वरीला.

"मला कशाला?"

"ताई, घे. आज आम्ही सगळे मेलो तरी ते राहिले पाहिजेत."

"आणि मी खाऊ काय?"

हा प्रश्न तिने सगळ्यांना उद्देशून विचारला. सगळे जनार्दनकडे बघू लागले. जनार्दनची उसळ मात्र मुकुंदच्या पावांमुळे तोवर संपली होती.

शर्वरी एका हाताने स्कूटर आणि एका हाताने आबासाहेब सांभाळत घरी आली. एका खड्ड्यात तिला वाटी वाचवावी की स्वतःला, हे ठरवावं लागलं आणि तिने वाटी वाचवली, याचा तिला अत्यंत राग आला. कोपर खरचटलं. घरात शिरल्यावर तिने चपलाही काढल्या नाहीत, सरळ स्वयंपाकघरात गेली. गव्हाच्या पिठाचा डबा उघडला. पोटात कावळे ओरडत असताना तिने आधी वाटीत एक मूठ पीठ घातलं, कोमट पाणी घातलं, चमच्याने हळूहळू कालवलं, कड पुसून घेतली.

वाटीत एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

उपाशी माणसासमोर ढेकर देणाऱ्याला शर्वरीने आजवर घरात थारा दिला नव्हता.